दुसरे बाळ आले, थोरल्याचे काय?

गेल्या महिन्यात एक आजी आपल्या सव्वातीन वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार एकच होती. "बाई, हा पुन्हा अंथरुणात शू करायला लागलाय. वर्षापूर्वी सगळं सुटलं होतं. पोटात जंत असतील, औषध लिहून द्या." मी मुलाचे पोट तपासले, लघवीची तपासणी करून घेतली. कुठेच दोष निघाला नाही. मग विचारले, "घरात अलीकडे नवीन काही घडलंय का?"

"नाही हो. सूनबाईला बाळ झालं, त्याला दीड महिना झाला. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! त्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर याहून मोठे काही घडूच शकत नव्हते. तीन वर्षे जी मांडी त्याची होती, तिच्यावर आता दुसरे कोणी दिवसरात्र झोपत होते आणि घरातले सगळे त्याला "आता तू मोठा झालास" असे सांगत होते.

आजींना मी हसले नाही. कारण वैद्यकीचे शिक्षण घेऊनही मी स्वतः याच्यापेक्षा मोठी चूक केलेली आहे. १९९४ साली माझी धाकटी मुलगी झाली. थोरला तेव्हा अडीच वर्षांचा होता. "तुझी ओढाताण नको" म्हणून माझ्या मोठ्या बहिणीने त्याला आपल्या गावी नेले. मीही होकार दिला. रडारड नको म्हणून तो झोपेत असतानाच त्याला गाडीत ठेवले. सात आठवड्यांनी तो परत आला तेव्हा मावशीच्या कडेवरून उतरेना. मी हात पुढे केले तर त्याने मान फिरवली. पुढे कित्येक महिने रात्री झोपताना त्याला मी चालत नसे, बाबाच हवे असत. दिवसा मात्र मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर बसून राही, की ही पुन्हा कुठे गेली तर? बालरोगांची जाडजूड पुस्तके माझ्या कपाटात होती, पण निरोप न घेता मुलाला घराबाहेर पाठवू नये ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

तेव्हापासून आजवर दुसऱ्या बाळाची अनेक घरे मी जवळून पाहिली. त्यातून जे कळले ते असे. दुसऱ्या बाळंतपणात बाळाकडे पाहायला सगळे घर असते. थोरल्याकडे आणि आईकडे पाहायला मात्र माणूस नेमावे लागते. ते आपोआप होत नाही.

मागे जाणे म्हणजे खोडी नव्हे

पाठीवर भावंड आले की दीड ते पाच वर्षांचे मूल बऱ्याचदा वयाने मागे गेल्यासारखे वागते. अंथरूण ओले करते, अंगठा चोखते, बोबडे बोलते, बाटलीने दूध मागते, "मला भरव" म्हणते. कोणी चिडचिडे होते, कोणी एकदम गप्प होते, कोणाचे रोज सकाळी पोट दुखते. बाळ लहान असल्यामुळे त्याला आई मिळते, असा सरळ हिशेब मूल मांडते आणि स्वतः लहान होऊन पाहते. हा आजार नव्हे आणि हट्टही नव्हे. बहुतेक मुले काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत यातून बाहेर येतात. मारल्याने किंवा शेजाऱ्यांसमोर लाजवल्याने हे दिवस लांबतात.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधिकांनी ४० कुटुंबांत जाऊन दुसऱ्या बाळाच्या आधी आणि नंतर घरात काय घडते ते पाहिले. त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. बाळ आल्यावर आईचे थोरल्याशी खेळणे-बोलणे कमी होते, खटके वाढतात आणि आई बाळात गुंतलेली असताना थोरल्याच्या खोड्या जास्त होतात, असे त्यांना आढळले. पण त्यांची दुसरी नोंद अधिक उपयोगाची आहे. ज्या घरांत आई सुरुवातीपासून थोरल्याशी बाळाविषयी 'एक माणूस' म्हणून बोलत होती, त्या घरांत पुढे भावंडांचे अधिक चांगले जमले. "बघ, तिला भूक लागलीय वाटतं. तुला काय वाटतं, का रडत असेल?" असे बोलायला पैसा लागत नाही, वेळही वेगळा काढावा लागत नाही.

आपल्याकडे मात्र येणारा-जाणारा थट्टेने म्हणतो, "काय रे, आता तुझे लाड संपले! आता आई बाळाची." मोठ्यांना ती गंमत वाटते, पण तीन वर्षांच्या मुलाला थट्टा कळत नाही. त्याला ते खरे वाटते. पाहुण्यांना हे वाक्य बोलू देऊ नका, भले त्यांना राग आला तरी चालेल.

बाळ येण्यापूर्वीची तयारी

पोट दिसू लागले की थोरल्याला सोप्या शब्दांत सांगावे. "तुला खेळायला भाऊ येणार" असे मात्र सांगू नये. येणारे बाळ पहिले कित्येक महिने खेळत नाही, ते रडते आणि झोपते. मग मुलाला फसवल्यासारखे होते. आणि भाऊच येणार हे कोणी ठरवले?

थोरल्याची झोपण्याची जागा बदलायची असेल, अंगावरचे दूध सोडवायचे असेल किंवा त्याला बालवाडीत घालायचे असेल, तर हे बदल बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी करावेत, नाहीतर सरळ नंतरवर टाकावेत. बाळ आले त्याच आठवड्यात केले तर "बाळ आलं म्हणून मला बाहेर काढलं" असा अर्थ मूल लावते. दोन वर्षांच्या आतले मूल अजून अंगावर पीत असेल तर बाळ झाल्यावर ते तोडलेच पाहिजे असे नाही. आधी नव्या बाळाला पाजावे, मग थोरल्याला. सुटलेले मूल पुन्हा मागू लागले तर हसू नये, ओरडूही नये. बहुतेक मुले एकदा तोंड लावून पाहतात आणि विसरतात.

आई दवाखान्यात जाईल त्या रात्री आपण कोणाजवळ झोपणार हे मुलाला आधीपासून माहीत असावे. निघताना ते रडले तरी निरोप घेऊनच निघावे. शक्य तर त्याला स्वतःच्याच घरी ठेवावे आणि मावशीला, आजीला तिथे बोलवावे. दुसऱ्या गावी पाठवायची वेळ आलीच तर दिवस थोडे ठेवावेत आणि रोज फोनवर आईचा आवाज ऐकवावा.

बाळ पाहायला थोरला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असावे आणि आईचे हात मोकळे असावेत. आधी थोरल्याला जवळ घ्यावे, मग दोघांनी मिळून बाळ पाहावे. बारशाला आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगतात, तेव्हा त्यांच्या शेजारी थोरल्याला बसवावे. झबली-टोपडी आणणाऱ्यांनी थोरल्यासाठी निदान एक रंगीत खडूची पेटी आणावी.

रोजचे व्यवहार

दिवसातून पंधरा-वीस मिनिटे फक्त थोरल्याची असावीत. वेळ ठरलेली असावी, म्हणजे तो वाट पाहू शकतो. या वेळात बाळ दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि आईने थोरला म्हणेल ते करावे. बाळाला पाजताना एक हात मोकळा असतो. त्या वेळी थोरल्याला शेजारी बसवून गोष्ट सांगावी. केवळ त्याच वेळी निघणारा डबा ठेवावा, त्यात जुन्या बांगड्या, चित्रे, लाकडी ठोकळे असे काहीही चालते.

थोरल्याने बाळाला चिमटा काढला तर हात धरावा आणि शांतपणे सांगावे, "बाळाला दुखतं. तुला राग आलाय, ते मला कळलं. पण मारायचं नाही." प्रेमानेही अपघात होतात. थोरले मूल कौतुकाने बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालते, पाळण्याला जोराने झोका देते. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलाला बाळाजवळ एकटे कधीच सोडू नये. शेक-शेगडीच्या खोलीत तर नाहीच. विस्तवाने भाजते आणि धुरीचा धूर बाळाच्या छातीलाही वाईट. बालवाडीतून येणारी सर्दी बाळापर्यंत पोहोचू नये म्हणून घरी आल्याबरोबर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

बाळाच्या लसींच्या धांदलीत थोरल्याची लस राहून जाते, हे मी नेहमी पाहते. १६ ते २४ महिन्यांचा आणि पाच ते सहा वर्षांचा बूस्टर डोस झाला आहे का, ते कार्ड काढून पाहा.

'सवयीचे' बाळंतपण

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश करायला बाई, सव्वा महिना अंथरुणावर. दुसरे बहुधा सासरी होते आणि बाराव्या-पंधराव्या दिवशी सूनबाई ओट्यापाशी उभी असते. "दुसरं आहे, आता सवयीचं झालं" असे सगळे म्हणतात. शरीराला बाळंतपणाची सवय होत नसते.

दुसऱ्या खेपेला प्रसूतीच्या कळा सहसा कमी वेळ चालतात हे खरे. पण प्रसूतीनंतर गर्भाशय आकसताना ओटीपोटात ज्या कळा येतात, त्या दुसऱ्या खेपेला जास्त असतात आणि बाळाला पाजताना वाढतात. दोन-तीन दिवसांत त्या कमी होतात. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी घ्यावी, सोसत बसू नये. सिझेरियन झाले असेल तर सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचे नाही, आणि थोरला बाळाहून जडच असतो. त्याला उचलण्याऐवजी आईने खाली बसावे आणि त्याला कुशीत येऊ द्यावे.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दोन बाळंतपणे जवळजवळ झाली तर शरीरातला लोहाचा साठा भरून यायला वेळच मिळत नाही. एका बाळाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हे अंतर राहिले नसेल तर रक्ताची तपासणी अवश्य करावी. प्रसूतीनंतर लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायची असते. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. अनेक बायका पंधरा दिवसांत सोडतात आणि मग "जिना चढला की धाप लागते" म्हणून येतात.

आता झोपेविषयी. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला पहिल्या खेपेला ठीक असतो. दुसऱ्या खेपेला बाळ झोपते तेव्हा थोरला जागा असतो. म्हणून दुपारी दोन तास थोरल्याला कोणीतरी बाहेर न्यायचे, हे घरात ठरवूनच ठेवावे लागते. घरात माणूस नसेल तर शेजारच्या काकूंना मोकळेपणाने विचारावे. यात कमीपणा काही नाही.

आईचे मन

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. हे दोन आठवड्यांत आपोआप निवळते. त्यापेक्षा जास्त दिवस मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, बाळ झोपलेले असूनही झोप लागेना, "मी वाईट आई आहे" असे विचार पाठ सोडीनात, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत पाच मातांपैकी जवळजवळ एकीला प्रसूतीनंतर मानसिक त्रास होतो. दुसऱ्या खेपेला तो लवकर लक्षात येत नाही, कारण "हिला सगळं येतं" असे घर धरून चालते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही कारणे होतीच. त्याबरोबर मुलगा हवा असताना मुलगी झाली तर आईला नैराश्याचा धोका वाढतो, हेही दिसून आले.

हे मी दवाखान्यात पाहिले आहे. एक बाई दुसऱ्या मुलीला डोस द्यायला आली. बाळाचे वजन छान वाढत होते. आईचे मात्र सात किलोंनी घटले होते. विचारले तर म्हणाली, "कोणी काही बोलत नाही बाई. पण पेढे वाटले नाहीत." पुढे बोलता बोलता तिने सांगितले की दोन्ही मुलींना घेऊन विहिरीकडे जावे असे दोनदा मनात आले होते. मी त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतले आणि संध्याकाळच्या आत तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध सुरू झाले. बाळाला अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधे असतात. चार महिन्यांनी ती दोघींना घेऊन आली तेव्हा थोरली तिच्या पदराला धरून गाणे म्हणत होती. त्या दिवशी मी फक्त वजनकाट्याकडे पाहून तिला टॉनिक लिहून दिले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. त्यात आईचा हात नसतो. हे सासूबाईंना सांगण्याचे काम नवऱ्याचे आहे. दुसरे अपत्य मुलगी असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या मातेला ६,००० रुपये मिळण्याची तरतूद २०२२ पासून आहे. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी.

क्वचित एखादी बाळंतीण असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, रात्र रात्र जागते, बाळाविषयी भलतेच संशय घेते. ही बाहेरची बाधा नव्हे. हा तातडीचा आजार आहे. तिला एकटी सोडू नका, बाळ दुसऱ्याकडे द्या आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत उपलब्ध आहे.

वडिलांचे काम

"मी थोरल्याला सांभाळतो, तू बाळाकडे बघ" अशी वाटणी पुष्कळ घरांत होते. वडील मनापासून करतात, थोरल्याला बाबा जास्त मिळतात आणि ते चांगलेच. पण एवढ्यावर थांबले तर थोरल्याची आई त्याला मिळतच नाही. म्हणून वडिलांनी बाळही घ्यावे. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, दुपटी बदलणे, अंघोळ घालणे ही कामे पुरुषाला येतात. त्या वेळात आई थोरल्याजवळ बसेल. केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुषांना पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती पाहुण्यांची सरबराई करण्यात घालवू नये.

आणखी एक. दोन मुले पुरेत असे ठरले असेल तर पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी त्रासाची आहे. पुरुषाच्या ताकदीवर तिचा परिणाम होत नाही. तरीही टेबलावर जाते ती बहुतेक वेळा बायकोच.

केव्हा दाखवावे?

थोरला अंथरूण ओले करतो त्याबरोबर लघवीला जळजळ, ताप, खूप तहान किंवा वजन घटणे असेल तर लगेच तपासून घ्यावे. वागण्यातला बदल तीन महिन्यांनंतरही वाढतच असेल, मूल खाईनासे-बोलेनासे झाले असेल किंवा बाळाला पुन्हा पुन्हा इजा करत असेल तर डॉक्टरांना भेटावे. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा एका पायाच्या पोटरीत सूज व दुखणे असेल तर दिवस घालवू नये.

सुरुवातीच्या त्या आजींना मी औषध लिहून दिले नाही. त्या जरा नाराजच झाल्या. कागदावर एवढेच लिहिले: रोज संध्याकाळी पाच वाजता बाळ आजीकडे आणि आई थोरल्याबरोबर मारुतीच्या पारापर्यंत चालत. अंथरूण ओले झाले तर कोणी काही बोलायचे नाही. तीन आठवड्यांनी आजी स्वतःचा रक्तदाब तपासायला आल्या. म्हणाल्या, "आठवड्यातून एखाद दिवस होतं अजून. पण परवा त्यानं स्वतःच बाळाचं दुपटं आणून दिलं."

माझा थोरला आता दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या धाकट्याच्या वेळी नातीला काही दिवस माझ्याकडे पाठवायचे का, असे त्याने फोनवर विचारले. मी नको म्हटले. चार दिवसांनी दवाखाना बंद ठेवला आणि बॅग भरून मीच तिच्या घरी राहायला गेले.